मू डेंगची मनीऑर्डर जंगलात पोहोचते का?

२०२४ सालच्या सप्टेंबरमध्ये थायलंडमधले एक दोन महिन्यांचे पिल्लू जगभरच्या मोबाइलवर दिसू लागले. चोनबुरी प्रांतातील खाओ खिआओ या खुल्या प्राणिसंग्रहालयात १० जुलै रोजी जन्मलेली ही बुटक्या पाणघोड्याची मादी. तिचे नाव मू डेंग. तिची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने फेसबुकवर तिची छायाचित्रे टाकली आणि तुळतुळीत अंगाची, गोलमटोल, अंगावर पाणी सोडणाऱ्या नळीकडे चिडून तोंड वासणारी ही छोटी लोकांना इतकी आवडली की संग्रहालयापुढे रांगा लागल्या. शनिवार-रविवारी प्रत्येकाला तिच्यासमोर फक्त पाच मिनिटे उभे राहता येईल असा नियम करावा लागला. नंतर तिच्यासाठी चोवीस तासांचे थेट प्रक्षेपणही सुरू झाले.

ज्यांनी ती चित्रफीत पाहिली, त्यांच्यापैकी किती जणांना हे कळले असेल की बुटका पाणघोडा हा संकटग्रस्त प्राणी आहे? आपल्या ओळखीच्या मोठ्या पाणघोड्याहून तो अगदी वेगळा. लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकेतील देशांच्या दाट, ओल्या जंगलांत तो एकेकटा, बहुधा रात्री फिरतो. निसर्गात त्याचे प्रौढ प्राणी साधारण २,००० ते २,५०० एवढेच उरले असावेत असा अंदाज आहे, आणि मळे, खाणी व शिकार यांमुळे तेही घटत आहेत. मू डेंगच्या लाडक्या छबीपासून त्या जंगलापर्यंत काही पोहोचते का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्राणिसंग्रहालय नेमके कशासाठी असते?

एके काळी याचे उत्तर सोपे होते: बघण्यासाठी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२६ पासून १९७२ पर्यंत चिंपांझींची चहापार्टी भरत असे. त्यांना टेबलाशी बसवून, कपबशा देऊन लोकांना हसवले जाई. आज ते चित्र पाहताना वाईट वाटते, कारण मधल्या काळात संग्रहालयांनी स्वतःचे प्रयोजन बदलले. भारतात १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात वन्यजीवांच्या संवर्धनाला हातभार लावणे हे मुख्य उद्दिष्ट म्हणून लिहिले गेले. संवर्धन म्हणजे एखादी प्रजाती तिच्या मूळ घरात टिकून राहील, वाढेल, अशी व्यवस्था करणे. एका प्राण्याला चांगले खाऊपिऊ घालणे म्हणजे संवर्धन नव्हे, ती देखभाल झाली. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे सगळे समजणे सोपे जाईल.

कोकणातल्या माणसाला हे नाते एका शब्दात सांगता येईल: चाकरमानी. घरातला एक जण मुंबईला गिरणीत राबायचा, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जणांसोबत राहायचा आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर करायचा. त्या पैशावर गावचे घर शाकारले जाई, धाकट्यांची शाळा चाले. संग्रहालयातला प्राणी हा त्याच्या प्रजातीचा चाकरमानी असतो, फक्त तो स्वतःच्या मर्जीने आलेला नसतो, आणि म्हणूनच त्याच्या नावाने मनीऑर्डर पाठवण्याची जबाबदारी त्याला ठेवणाऱ्यांवर अधिकच येते. ही मनीऑर्डर पैशांची असू शकते, जंगलात सोडण्याजोग्या पिल्लांची असू शकते, ज्ञानाची असू शकते, किंवा एखादा कायदा बदलण्याइतक्या जनमताची असू शकते. ती गावी पोहोचतच नसेल, तर चाकरमानी नुसताच घरापासून तुटला.

मग त्यात करमणूक कशाला हवी?

गावच्या देवळात कीर्तनकार उभा राहतो तेव्हा टाळ, पेटी, तबला, पदे, आख्यान आणि मध्येच एखादा विनोद यांच्या आधाराने तो श्रोत्यांना दोन तास जागेवर बसवून ठेवतो. कोरडे निरूपण करत बसला असता तर पहिल्या अर्ध्या तासात मंडप रिकामा झाला असता. लोकांना रमवत शहाणे करण्याची ही रीत आपल्याला नवी नाही, त्यामुळे करमणूक शब्दावर नाक मुरडण्याचे कारण नाही. आख्यान संपेपर्यंत निरूपणाचा धागा सुटला नाही ना, एवढेच पाहायचे.

प्राणिसंग्रहालये आणि प्रसारमाध्यमे यांची सोयरीकही जुनी आहे. १९५४ साली तरुण डेव्हिड अ‍ॅटनबरो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील तज्ज्ञांसोबत परदेशी मोहिमांवर निघाले आणि बीबीसीने ती सफर घराघरांत दाखवली. त्या काळी अशा मोहिमांतून प्राणी पकडून आणले जात, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. पुढे इंटरनेट आले आणि संग्रहालयांच्या हाती थेट कॅमेरा आला.

थेट कॅमेरा म्हणजे पिंजऱ्यात किंवा तळ्याकाठी बसवलेला, तास न् तास चालू राहणारा कॅमेरा. त्यात बहुतेक वेळ काहीच घडत नाही. पांडा झोपलेला असतो, पेंग्विन पाठमोरे उभे असतात. तरीही लोक बघतात. आपल्याकडे कित्येक घरांत सकाळी देवस्थानाचे थेट दर्शन टीव्हीवर लावून ठेवतात. मूर्ती हलत नाही, पण रोजच्या रोज समोर असल्याने ती घरातली होते. कॅमेऱ्यातल्या प्राण्याचे तसेच होते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाने २००० साली आलेल्या पांडांच्या जोडीसाठी असा कॅमेरा सुरू केला. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प झाले आणि हा कॅमेराही बंद पडला, तेव्हा अंदाजपत्रकाच्या त्या रुक्ष भांडणात पांडा दिसेनासा झाल्याची हळहळ ही स्वतंत्र बातमी झाली होती. तिथे पांडाचे पिल्लू जेमतेम सहा आठवड्यांचे होते आणि लोक त्याला रोज बघत होते.

एकच संग्रहालय, दोन अनुभव

अमेरिकेतील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयाची गोष्ट मला या विषयात सर्वांत बोलकी वाटते. २८ मे २०१६ रोजी तिथे तीन वर्षांचा एक मुलगा गोरिलांच्या आवारात पडला, आणि त्याला वाचवण्यासाठी हरांबे नावाच्या सतरा वर्षांच्या नर गोरिलाला गोळी घालावी लागली. नंतर कित्येक महिने इंटरनेटवर हरांबेच्या नावाने मीमचा पूर आला. मीम म्हणजे हातोहात फिरणारे, प्रत्येकाने आपापली भर घातलेले थट्टेचे चित्र किंवा वाक्य. आपले कर्मचारी शोकात आहेत, हे थांबवा, अशी विनंती संग्रहालयाने केली, तरी काही थांबले नाही. शेवटी ऑगस्टमध्ये संग्रहालयाने आपले ट्विटर खातेच बंद केले.

त्यानंतर पाच महिन्यांनी, २४ जानेवारी २०१७ रोजी, तिथेच फिओना ही पाणघोड्याची मादी सहा आठवडे अपुऱ्या दिवसांची जन्मली. तिचे वजन जेमतेम १३ किलो होते. जगेल याची खात्री नव्हती. संग्रहालयाने तिचा प्रत्येक दिवस लोकांसमोर मांडला: दूध किती प्यायली, आज अशक्तपणा वाढला, शीर सापडेना म्हणून शेजारच्या बालरुग्णालयातील परिचारिकांना सलाईन लावायला बोलावले. चांगली बातमी होती तेव्हा चांगली सांगितली, वाईट होती तेव्हा वाईट. फिओना जगली आणि शहराची लाडकी झाली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे दरवाजे बंद झाले तेव्हा याच संग्रहालयाने घरी बसलेल्या मुलांसाठी रोज फेसबुकवरून एकेका प्राण्याची भेट घडवायला सुरुवात केली, आणि पहिल्या दिवशी फिओनाच होती.

हरांबेच्या वेळी लोकांना त्याचे नाव मरणानंतर कळले, तर फिओनाशी त्यांची ओळख रोजच्या रोज वाढत गेली. ओळख असली की माणूस सहज थट्टा करत नाही.

जे प्राणी कॅमेऱ्यासमोर आणत नाहीत

इथपर्यंत वाचून वाटेल की जितका प्राणी पडद्यावर, तितके संवर्धन अधिक. प्रत्यक्षात उत्तम संस्थांमध्ये याच्या उलट शिस्त पाळली जाते, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

कॅलिफोर्नियातील माँटेरे बे मत्स्यालय १९८४ साली सुरू झाले. तिथल्या समुद्री पाणमांजरांच्या तळ्याचे थेट प्रक्षेपण जगभर पाहिले जाते. पाठीवर तरंगत, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडणारा हा प्राणी कोणालाही मोहात पाडेल. मऊ, दाट कातड्यासाठी त्याची इतकी शिकार झाली होती की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी तो संपला असेच लोक धरून चालले होते. बिग सर भागात पन्नासेक प्राण्यांची छोटी टोळी तग धरून होती, आणि आजचे तिथले सारे समुद्री पाणमांजर तिचेच वंशज आहेत.

वादळात आईपासून तुटलेली पिल्ले किनाऱ्यावर सापडतात आणि ती या मत्स्यालयात आणली जातात. सुरुवातीला माणसांनीच त्यांना वाढवले. ती जगली, पण समुद्रात सोडल्यावर माणसे दिसली की होडीजवळ यायला लागली, आणि रानटी प्राण्यासाठी ही सवय जिवावर बेतणारी असते. म्हणून २००१ पासून वेगळी पद्धत आली. आजारामुळे वा अन्य कारणाने समुद्रात परत जाऊ न शकणाऱ्या माद्यांकडे ही पिल्ले सोपवली जाऊ लागली. अशी पहिली सांभाळकर्ती आई टूला नावाची होती. तिला फेफरे येत असल्याने ती समुद्रात जगू शकली नसती. पिल्लांजवळ जावेच लागले तर कर्मचारी अंगभर काळा झगा आणि तोंडावर वेल्डिंग करणाऱ्यांचा मुखवटा घालतात, म्हणजे पिल्लाला माणसाचा चेहरा, माणसाची आकृती ओळखीची होऊ नये. ही पिल्ले प्रेक्षकांना दाखवत नाहीत. त्यांना नावही नसते, फक्त क्रमांक असतो.

म्हणजे पडद्यावर दिसणारे आणि समुद्रात जाणारे प्राणी वेगळे. पहिल्यांना या क्षेत्रात राजदूत प्राणी म्हणतात: आपल्या प्रजातीच्या वतीने माणसांसमोर उभे राहिलेले. त्यांच्या कौतुकातून दुसऱ्यांचा खर्च आणि पाठिंबा उभा राहतो. या मनीऑर्डरचा हिशेबही मांडला गेला आहे. २००२ ते २०१६ या काळात एल्कहॉर्न स्लू या खाडीत अशी ३७ पिल्ले सोडली गेली, आणि तिथल्या पाणमांजरांच्या संख्येत झालेल्या वाढीपैकी निम्म्याहून अधिक वाढ या पिल्लांमुळे व त्यांच्या संततीमुळे झाली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

गोंडस चित्रफितींनी उलट नुकसान होत नाही का?

होते, आणि हा आक्षेप मनावर घ्यायलाच हवा. २००९ साली स्लो लोरिस या छोट्या, बटबटीत डोळ्यांच्या प्राण्याची एक चित्रफीत फार गाजली. कोणी तरी त्याच्या काखेत गुदगुल्या करते आणि तो दोन्ही हात वर करून बसतो. लोकांना वाटले, त्याला मजा येते आहे. वास्तविक स्लो लोरिस हा विषारी दंश करणाऱ्या मोजक्या सस्तन प्राण्यांपैकी एक असून, त्याच्या दंडाजवळ असलेल्या ग्रंथीतला स्राव तोंडापर्यंत नेण्यासाठी तो घाबरल्यावर हात वर करतो. त्या चित्रफितीखालच्या हजारो प्रतिक्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. असा प्राणी आपल्यालाही पाळायला हवा, असे अनेकांनी लिहिले होते. आग्नेय आशियातील बाजारांत विकण्यासाठी पकडलेल्या लोरिसचे दात बहुधा कापून टाकतात, हे त्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांना माहीत नसणार.

चिंपांझींच्या बाबतीतही हेच. जाहिरातींत, चित्रपटांत, माणसांच्या शेजारी चिंपांझी सतत दिसत असल्याने ते जंगलात भरपूर असतील अशी लोकांची समजूत होते, असे शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातील संशोधकांनी दाखवून दिले. छायाचित्र तेच, पण शेजारी माणूस उभा असला की समजूत बदलते. म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञ गटाने २०२१ साली सांगितले की वानर-माकडांची छायाचित्रे प्रसिद्ध करताना माणूस आणि प्राणी यांत किमान ७ मीटर अंतर दिसावे. हातात पिल्लू घेतलेल्या पाहुण्याचे छायाचित्र संग्रहालयाच्या खात्यावर दिसले तर त्याला हजारो बदाम मिळतात, पण त्यातून जे शिकवले जाते ते चुकीचेच असते.

आणि गर्दी तर आहेच. मू डेंग झोपलेली असताना तिला उठवण्यासाठी काही जणांनी पाणी व शिंपले फेकले. संग्रहालयाला कॅमेरे बसवून कारवाईची ताकीद द्यावी लागली. चित्रफितीत ती सदैव उड्या मारत असते, म्हणून प्रत्यक्षात झोपलेली दिसली की लोकांची निराशा होते. थेट कॅमेरा इथे उपयोगी पडतो असे मला वाटते, कारण प्राणी दिवसाचे कितीतरी तास निव्वळ लोळत असतो, हे तो लपवत नाही.

हे सगळे तिकिटे विकण्यासाठीच ना?

काही अंशी होय, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्राण्यांना खायला लागते, डॉक्टर लागतो, कर्मचाऱ्यांना पगार लागतो. प्रश्न त्यापुढचा आहे. मू डेंग ज्या संग्रहालयात आहे ते थायलंडच्या सरकारी प्राणिसंग्रहालय संघटनेकडे आहे. याच संघटनेने आपल्या संग्रहालयांत वाढवलेले सारस क्रौंच २०११ पासून बुरीराम प्रांतातील पाणथळींत सोडायला सुरुवात केली. थायलंडच्या निसर्गातून हा पक्षी नाहीसा झाला होता, आणि आता तो तिथल्या भातशेतांत पुन्हा घरटी बांधतो. गोंदियाच्या भातखाचरांत सारसांची उरलीसुरली जोडपी शेतकऱ्यांच्या भरवशावर जगत असल्याने या कामाचे मोल आपल्याला विशेष कळावे. पण या सारसांची चित्रफीत तुम्ही मोबाइलवर पाहिली आहे का? बहुधा नाही. संग्रहालयाचे खरे काम आणि गाजणारे काम यांत असे अंतर पडते, आणि गाजलेल्या प्राण्याच्या पानावर न गाजलेल्या प्राण्याला जागा देणे हे समाजमाध्यम सांभाळणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

मागणे स्पष्ट असले तर पडद्यावरचे कौतुक कसे वळवता येते, याचे उदाहरण सुदान नावाच्या गेंड्याचे. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांतला हा शेवटचा नर चेक प्रजासत्ताकातील ड्वूर क्रालोवे प्राणिसंग्रहालयातून २००९ साली केनियातील ओल पेजेटा अभयारण्यात आणला गेला. एप्रिल २०१७ मध्ये त्याचे नाव चक्क टिंडर या जोडीदार शोधण्याच्या अ‍ॅपवर नोंदवले गेले. त्याच्या चित्राला पसंती देणाऱ्याला थेट एका पानावर नेले जाई, जिथे कृत्रिम गर्भधारणेच्या संशोधनासाठी देणगी मागितलेली होती. कल्पना विनोदी, पण मागणे गंभीर आणि एकच. सुदान १९ मार्च २०१८ रोजी गेला. नाजिन आणि फातू या दोनच माद्या आता उरल्या आहेत, तरी ते संशोधन चालू आहे.

पैशांखेरीज कामही मागता येते. लंडनचे प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेच्या ‘इन्स्टंट वाइल्ड’ या उपक्रमात जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांची छायाचित्रे सामान्य लोकांच्या मोबाइलवर येतात आणि त्यांनी प्राणी ओळखायचे असतात. लाखो छायाचित्रे मूठभर संशोधकांनी चाळायची म्हटली तर वर्षे जातील. घरबसल्या चाळणी धरणारे हात मिळाले की तेच काम झपाट्याने होते.

मात्र पाहण्याने माणूस बदलतोच, असे मानणे भाबडेपणाचे आहे. अनेक देशांतील सुमारे तीस प्राणिसंग्रहालये व मत्स्यालयांमध्ये सहा हजारांहून अधिक प्रेक्षकांची पाहणी झाली आणि ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. जैवविविधता म्हणजे काय हे थोडेफार तरी समजलेल्यांचे प्रमाण भेटीपूर्वी सुमारे ७० टक्के होते, भेटीनंतर सुमारे ७५ टक्के झाले. वाढ खरी आहे, पण बेताची आहे. आणि समजणे व करणे यांत पुन्हा एक मोठी मजल आहे.

माहितीपट असताना पिंजऱ्यातला प्राणी कशाला?

नुसते बघायचेच असेल तर खरोखर गरज नाही, आणि जे संग्रहालय बघण्यापलीकडे काही करत नाही त्याचे समर्थन मी करणार नाही. पण माहितीपटाला टूला सांभाळता येत नाही आणि सारसाचे अंडे उबवता येत नाही. ज्या ठिकाणी ही कामे होतात तिथला कॅमेरा त्या कामाची खिडकी ठरतो.

राणीच्या बागेतले पेंग्विन

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि मार्च २०१७ पासून लोक त्यांना पाहू लागले. खर्चावरून, हवामानावरून पुष्कळ वाद झाले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरात गेले, पुढच्या वर्षांत इतर पिल्ले जगली. आज बागेची समाजमाध्यमांवर खाती आहेत, त्यांवर पेंग्विनांच्या चित्रफिती येतात आणि मुले त्या आवडीने पाहतात.

काचेसमोरच्या गर्दीतला नेहमीचा उद्गार असतो, “बिचाऱ्यांना बर्फ लागतो ना?” हम्बोल्ट पेंग्विनाला बर्फ लागत नाही. तो दक्षिण ध्रुवावरचा नाही, पेरू आणि चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचा आहे. शेजारून वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहातले मासे खाऊन तो जगतो आणि समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या शतकानुशतके साचलेल्या थरात बीळ करून अंडी घालतो. या थराला ग्वानो म्हणतात. ते उत्तम खत आहे, म्हणून एकोणिसाव्या शतकात ते जहाजे भरभरून युरोपला नेले गेले आणि पेंग्विनांची घरटी खणून निघाली. त्यात मासेमारीची भर पडली, आणि आज या प्रजातीची गणना धोक्यात आलेल्यांमध्ये होते. पेरूमधील पुंता सान हुआन या भूशिरावर अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयासारख्या संस्थांच्या पैशावर संशोधकांचा एक गट काम करतो. तिथे आजही ग्वानो काढले जाते, पण पेंग्विनांच्या वसाहतीला धक्का लागू नये यावर हा गट लक्ष ठेवतो.

ही सगळी गोष्ट दोन मिनिटांच्या मराठी चित्रफितीत मावते. अर्धी चित्रफीत भायखळ्याच्या काचेमागच्या पेंग्विनाची, अर्धी पुंता सान हुआनच्या त्या पांढऱ्याफटक कड्याची. लालबाग-परळच्या शाळांतली मुले सहलीला येतात तेव्हा रांगेत तासभर उभी असतात, आणि तिथे एक पडदा लावायला जागाही आहे.